शंभर तिकिटांचं पुस्तक

डिलाईल रोडवर ज्याला दुसऱ्याच्या गळ्यात तिकीट मारता येत नाही, त्याला मंडळात खुर्च्या उचलण्यापलीकडे भवितव्य नाही. मी ही विद्या नऊ वर्षं केली. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीचं मुंबई मंडळ, त्याचा मी खजिनदार. देवळाचं छप्पर, पाखाडी, शाळेची भिंत, गावात जे काही पडायला आलेलं असे ते उभं करायचं म्हणजे इथे परळच्या दामोदर हॉलला नाटकाचा नाहीतर नमनाचा प्रयोग लावायचा आणि तिकिटं खपवायची. तिकीट विकायचं नसतं, खपवायचं असतं. विकायला गिऱ्हाइकाची इच्छा लागते.

खपवायला फक्त वेळ साधावी लागते. रविवारी सकाळी साडेदहा. बाप्या घरात सापडतो, टॉवेलवर असतो, मटण शिजत असतं, आणि टॉवेलवरचा माणूस दारात उभं राहून वाद घालत नाही. ‘तिकीट घेणार का?’ असं चुकूनही विचारायचं नाही. ‘किती फाडू?’ असं विचारायचं. पुस्तक उघडताना स्थळप्रती त्याच्या बाजूला वळवून धरायच्या, म्हणजे समोरच्या खोलीवाल्याने चार घेतलीत हे आपण न सांगता त्याला दिसतं. बीडीडी चाळीच्या एका मजल्यावर वीस खोल्या, चार मजल्यांच्या ऐंशी, आणि तेव्हा आमच्या बाजूला अशा चाळी बत्तीस होत्या. गावातली दोन देवळं आणि एक स्मशानशेड एवढ्या भांडवलावर उभी आहेत.

ज्या ना. म. जोशींचं नाव ह्या रस्त्याला दिलंय, त्यांनीच १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि दामोदर हॉल त्या लीगचाच. त्यामुळे ह्या रस्त्यावर तिकिटं फाडून त्या हॉलात माणसं बसवणं म्हणजे जोशींचंच राहिलेलं काम आपण करतोय, असं मला वाटायचं. रस्त्याला ना. म. जोशी मार्ग कुणी म्हणत नाही, ती गोष्ट वेगळी. पाटीवर जोशी, तोंडात डिलाईल.

माझी तिकिटं खपवण्याची ख्याती भाच्याच्या कानावर गेली असणार. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तो नुकताच मार्केटिंगचं काहीबाही शिकून मुंबईच्या लीगमधल्या एका फुटबॉल क्लबात चिकटला होता. क्लबाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि तेच तर त्यांचं दुखणं होतं. तक्त्यात खालून दुसरे. मॅचला प्रेक्षक किती, तर खेळाडूंचे आईबाप धरून दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील इतके.

“मामा, आम्हाला फॅन एंगेजमेंट करायचीय,” तो म्हणाला.

मला वाटलं, क्लबातल्या कुणाचा साखरपुडा आहे आणि हॉल हवाय. मग त्याने लॅपटॉप उघडला. त्यात एकमेकांत अडकलेली वर्तुळं होती, बाण होते, सेल्फी काढायला पुठ्ठ्याची चौकट होती आणि एक वाघ होता. वाघ म्हणजे क्लबाचं बोधचिन्ह. त्या वाघाच्या पोशाखात एका पोराला घालून लोअर परळ स्टेशनाबाहेर पत्रकं वाटायला उभं करायची योजना होती, आणि ती त्यांनी खरोखर पार पाडली. फेब्रुवारीचं ऊन. अर्ध्या तासात डिलाईल पुलाखालच्या कुत्र्यांना ह्या वाघाचा पत्ता लागला. वाघ पुढे, सहा कुत्री मागे, असं ते प्रकरण वडापावच्या गाडीपर्यंत आलं. गाडीवाल्याने त्याला आत घेतलं, मुंडकं काढायला लावलं आणि पाणी पाजलं. त्या संध्याकाळी आमच्या भागात क्लबाचं नाव पहिल्यांदा झालं. ‘ते वाघवाले’ असं.

शेवटी भाच्याने बॅगेतून हिरव्या कागदाचं पुस्तक काढलं. शंभर तिकिटं, वीस रुपये एक, मॅच कूपरेजला.

“मामा, तुझ्याकडे माणसं आहेत,” तो म्हणाला.

माझ्याकडे माणसं नव्हती, माझ्याकडे रविवार होता. दोन रविवारांत चौऱ्याहत्तर तिकिटं खपवली. “फुटबॉल? आपल्याकडे कोण खेळतं?” हा प्रश्न सगळीकडे आला. एकाने तिकीट उलटं करून मागे लॉटरीचा नंबर आहे का पाहिलं. एका वहिनींनी दोन घेतली, वीसच्या दोन नोटा कपाळाला लावल्या आणि विचारलं, “देवळाचंच आहे ना?” मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

मॅचच्या दिवशी लोअर परळ स्टेशनावर सतरा जण जमले.

चौऱ्याहत्तर खपली, सतरा आले. दामोदरला ही अडचण मला कधी आलीच नव्हती. तिथे तिकीट फाटलं की छपराचा पत्रा आला. मग खुर्चीत माणूस बसो, नाहीतर त्याची छत्री बसो. फुटबॉलवाल्यांना पत्रे नको होते, गलका हवा होता. आणि गलका असा आगाऊ पावती फाडून मिळत नाही, हे मला नऊ वर्षं खजिनदारी करून त्या दिवशी फलाटावर कळलं.

चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने निघालो. ओव्हलवर नेहमीप्रमाणे एकमेकींच्या पोटात घुसलेल्या क्रिकेटच्या मॅची चाललेल्या. एकीचा लाँगऑन तो दुसरीचा स्लिप. आमच्यातले तिघं ‘एक ओव्हर बघून येतो’ म्हणून थांबले ते रात्री चाळीतच भेटले. म्हणजे कूपरेजला पोचलो चौदा. आत गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ पेपराची घडी बुडाखाली घेऊन बसले होते. वांद्र्याचे. डोक्यावर टोपी. आम्ही रांगेने वर चढताना त्यांनी बोटाने आम्हाला मोजलं आणि समाधानाने म्हणाले, “आज पब्लिक चांगला आहे.”

ते दर मॅचला माणसं मोजायचे. त्यांचं बालपण ह्या मैदानाला माणसं मावत नसत त्या काळातलं. रोव्हर्स कपच्या वेळी बाहेरच्या झाडांवर पोरं लटकलेली असायची म्हणे, आणि गोल झाला की झाडातून आवाज यायचा. रोव्हर्स हा आपल्या मुंबईचा कप, १८९१ पासूनचा. आधी गोऱ्या पलटणींचाच खेळ. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी तो पहिल्यांदा हिंदी हातात आणला, १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने नेला, आणि १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो जणू आपल्या ठाण्यातच जमा करून ठेवला. शेवटचा खेळला गेला २०००-०१ च्या मोसमात. शंभरी उलटलेली स्पर्धा गेली आणि शहराला शिंकसुद्धा आली नाही. एखादं इराणी हॉटेल बंद पडलं तर आपण त्याच्यावर चार लेख लिहितो.

म्हाताऱ्यांनी नेव्हिल डिसूझांची गोष्टही सांगितली. पण सांगताना आवाज असा खाली आणला, की आमच्या बायका पुढे सरकल्या. त्यांना वाटलं शेजाऱ्यापाजाऱ्याचं काहीतरी आहे. १९५६ मेलबर्न ऑलिंपिक. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, त्यांच्याच मैदानात. भारताने चार-दोनने हरवलं, त्यातले तीन नेव्हिलचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आणि हा माणूस मुंबईत राहणारा, मुंबईतल्या क्लबांतून खेळणारा. वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे. आमच्या चौदा जणांपैकी त्याचं नाव ऐकलेले किती? शून्य. मी धरून.

एक शंका मात्र मला तिथेच आली. त्या वेळी झाडावर चढणारी माणसं कोण होती? मुंबईचे मोठे संघ कंपन्यांचे असायचे. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, खतवाले आरसीएफ. पोरगं चांगलं खेळतंय म्हणून त्याला नोकरी लागायची, आणि त्याच्या खात्यातली, पाळीतली, कँटीनमधली माणसं मॅचला यायची. तिकीट त्यांना कुणी खपवत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस मैदानात हाफ पॅंट घालून धावताना बघायला कोण येणार नाही? सोमवारी त्याला सुनवायची सोय असते. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, कंपन्यांनी खेळाडू भरती करणं आवरतं घेतलं, आणि संघाबरोबर त्याची कँटीनही गेली. क्लब उरले. शेजारचं टेबल उरलं नाही.

मध्यंतरापर्यंत आमचा संघ दोन गोल खाऊन बसला होता. आमची मंडळी चकल्या खात होती आणि ‘राउंड कधी संपतो’ अशी विचारणा चालली होती. एवढ्यात राखीव खेळाडूंच्या बाकावरून एक उंच पोरगा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन आमच्या समोरून गेला आणि आमच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकी ताडकन उभ्या राहिल्या.

“अरे, हो तर तेरा नंबरातल्या शिवणवालीचो नातू!”

तो होता खराच. राखीव गोली. आम्ही त्याला रोज बघत होतो. सकाळी पाचला हातात मोजे घेऊन जिना उतरणारं हे पोरगं सिक्युरिटीत लागलंय, अशी आमची समजूत होती.

“मगे हेका कित्याक बसवन ठेवल्यानी?” काकींनी कोचला उद्देशून, पण कूपरेजच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं विचारलं.

तिथून पुढची पंचेचाळीस मिनिटं आम्ही फुटबॉल पाहिला नाही, बाक पाहिला. तो उठला की आम्ही उठायचो, तो बुटाची नाडी बांधायला वाकला की ‘आता जातोय, आता जातोय’. तो गेला नाही. संघ तीन-शून्यने हरला. आणि पुढच्या मॅचला, मी एकही तिकीट न फाडता, लोअर परळ स्टेशनावर एकतीस माणसं उभी होती. काकींच्या हातात डबा. त्यात घावणे, पोराला.

आमच्यात एक आप्पा होते. गिरणीतून सुटलेले, मूळचे कोल्हापूरचे. चाळीत त्यांची ओळख भजनातले टाळकरी अशी. पहिल्या मॅचला ते गप्प बसून होते. दुसऱ्या मॅचला, लाइनमनचं निशाण वर जायच्या आधी, ते स्वतःशीच म्हणाले, “ऑफसाइड.” आणि निशाण वर गेलं. सगळ्यांनी वळून बघितलं. इतक्या वर्षांच्या शेजारात हे गुपित फुटलं नव्हतं.

“आमच्याकडं तिकीट खपवाय लागत न्हाई,” आप्पा म्हणाले, “मिळालं न्हाई तर डोकी फुटत्यात.”

कोल्हापूरचं प्रकरण मी पुढे स्वतः जाऊन पाहिलं, राजर्षी शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ. नावं नीट वाचली तर लक्षात येतं की ह्यातलं एकही नाव फुटबॉल क्लबाचं वाटत नाही. तालीम म्हणजे जिथे लाल माती आहे, मारुती आहे, गणपती बसतो, पेठेतल्या मयतीला खांदा द्यायला माणसं जमतात. त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ. तो हरला तर पेठ हरते. दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाली पैसे सुटे देताना सुद्धा टोमणा मारते. भर उन्हात तिकीट काढून माणसं सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेली, आणि ती साधी लोकल मॅच होती, उपांत्य फेरीबिंती काही नव्हती. कधी दगडफेक होते, पोलीस घालावे लागतात, तेही खरं. भाऊबंदकी म्हटली की बांधावरचं भांडण आलंच. पण तिथल्या कुणाला ‘फॅन एंगेजमेंट’ शिकवायला जाऊ नये. साखरपुडा कशाला, त्यांची तिसरी पिढी नांदतेय. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ह्याच गावचा.

आणि कोल्हापूरला तरी कशाला जायचं? आमच्या नाकासमोर श्रमिक जिमखाना आहे. तिथे कबड्डीची स्पर्धा लागली की गॅलरी भरते, आणि चढाईवाल्याच्या मावशीचं गाव कुठलं इथपर्यंत माहिती असलेले लोक पुढच्या रांगेत असतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा वरळीला हजारो दिवे लावून, मॅटवर, टीव्हीत दिसेल अशी कबड्डी झाली, तर आमचे लोक तिलाही तिकीट काढून गेले. पण जाण्याआधी अर्धा तास एकच चर्चा: कोणत्या संघात आपल्यातलं कोण आहे.

भाच्याला हे मी सांगितलं, तर त्याने वहीत ‘कम्युनिटी कनेक्ट’ असं लिहून घेतलं. मी नाद सोडला.

तिसऱ्या मॅचला बेंजो आला. हे माझं काम नव्हे. पोरांनी परस्पर ठरवलं. लालबागच्या एका पथकातले चार जण, एक बेंजो, एक ढोल, एक ताशा आणि एक कच्ची. ताशाचा पहिला कडकडाट उठला तेव्हा मैदानावरचे बावीसही खेळाडू थबकले आणि रेफ्रीने घड्याळ बघितलं. त्याला वाटलं विसर्जनाचा रस्ता बदलला. मैदानवाल्यांनी ताशा बंद करायला लावला, बेंजोवर तडजोड झाली. मंडळाच्या पेंटरने चादरीवर त्या पोराचं चित्र काढून आणलं होतं. मिशा जास्त झाल्या होत्या. गणपतीच्या देखाव्यातल्या मावळ्यांचा हात बसलेला.

फक्त एक घोळ झाला. आमचा माणूस राखीव. तो मैदानात यायचा तर मुख्य गोलीला काहीतरी व्हायला हवं, आणि मुख्य गोली चांगला धडधाकट होता. संघ खाली घसरत चाललेला, त्यामुळे प्रत्येक गोल वाचवणं क्लबाला गरजेचं. पण त्याने झेप घेऊन बॉल अडवला की आमच्या गॅलरीतून ‘अरेरे’ निघायचं. त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच लोकांचं हे वागणं कळेना. मध्यंतरात काकींनी पदर खोचला आणि हात जोडून सरळ गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, त्या मोठ्या गोलीच्या पायात जरासो गोळो येवंदे...”

“व्हय म्हाराजा!” मागून दहा-बारा आवाज.

“जास्त नुको. दहा मिन्टाचो.”

“व्हय म्हाराजा!”

वांद्र्याच्या म्हाताऱ्यांनीही टोपी काढली. त्यांना वाटलं संघासाठी प्रार्थना चाललीय.

आमच्या मुंबईत फुटबॉलला माणसं का येत नाहीत, ह्यावर त्यानंतर मी बरंच काही ऐकलं. संघ जिंकायला लागला की येतील, असं एक मत. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाने देश जिंकला होता. २०१० मध्ये कंपनीने संघ गुंडाळला, आणि आमच्या नाक्यावर त्या दिवशी चहा नेहमीसारखाच होता. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये साखळीची शील्ड आणि आयएसएलचा कप दोन्ही एकाच मोसमात उचलले, पण करोनामुळे सगळ्या मॅची गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांपुढे. घरी लग्न आणि घरच्यांनाच आमंत्रण नाही, अशी गत.

मोठं नाव आणा, असं दुसरं मत. त्याचीही परीक्षा झाली. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात मुंबई सिटीच्या वाट्याला सौदीचा अल हिलाल आला, आणि अल हिलालमध्ये नेमार. काय ती तिकिटांची धावपळ! भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा मला तिकीट खपवलं. मॅच नोव्हेंबरात नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर; ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. आम्ही नेमार नसलेली मॅच बघून आलो. दोन-शून्यने हरलो. आणि २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा लोकांनी हजारो रुपये मोजले, मॅच बघायला नव्हे, मेस्सी उभा कसा राहतो ते बघायला. माझी तक्रार नाही. पंढरीला जाऊन आपण विठोबाला चालायला थोडंच सांगतो?

पण मला विचाराल तर ह्या सगळ्यात तिकीट खपवण्याची खरी विद्या एकाच माणसाकडे होती, सुनील छेत्री. जून २०१८. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला पाच-शून्यने धुतलं, त्यात छेत्रीचे तीन, आणि बघायला माणसं २,५६९. दुसऱ्या दिवशी ह्या गड्याने मोबाइलसमोर उभं राहून लोकांना सांगितलं, की टीका करा, शिव्या द्या, पण त्या घरी बसून नका देऊ, मैदानात येऊन तोंडावर द्या. वर्तुळं नाहीत, बाण नाहीत, वाघ नाही. रविवारी साडेदहाला दारात उभ्या राहिलेल्या खजिनदाराचा तो आवाज होता. ‘येणार का’ नव्हे, ‘किती फाडू’. कोहली, तेंडुलकर त्याच्या बाजूने बोलले, ते नंतर. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध तिकीट खिडकीवर पाटी लागली, भर पावसात मैदान भरलं. छेत्रीची ती शंभरावी मॅच. त्याने दोन गोल केले. आमच्या चाळीतून नऊ जण गेले होते, आणि काकींनी परतल्यावर सांगितलं की पोरगा सरळ आहे, पण फार वाळलाय.

ह्या विषयात मला चटका लावून गेली ती मात्र मुंबई एफसीची गोष्ट. पिवळ्या जर्सीवाला संघ, २००७ मध्ये निघालेला, कूपरेज हे त्याचं घर. खालिद जमील त्याचे बरीच वर्षं कोच. पैसा बेताचा, संघ दरवर्षी तळाशी गटांगळ्या खायचा आणि दरवर्षी जमील त्याला कसाबसा काठाला लावायचे. २०१६ मध्ये जमील गेले ते मिझोरामला, ऐझॉलकडे. आणि २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये काय व्हावं? ऐझॉल पहिलं, मुंबई एफसी शेवटची. त्यानंतर संघच बंद. तेच जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य कोच झाले. ऐझॉलचं शहर केवढं? आमच्या मंडळींचा हिशेब असा, की तिथल्या प्रत्येक खेळाडूची आजी कुणाच्या तरी ओळखीची असणार.

आता लोअर परळला तासावर टर्फ मिळतं. जाळीच्या आत, दिव्यांच्या उजेडात रात्री अकरालाही पोरं खेळत असतात, अंगात मँचेस्टर, माद्रिद, बार्सिलोना. बघायला बाहेर कुणी नसतं, आणि असायचं कारणही नाही. तासाचे पैसे खेळणाऱ्यांनीच भरलेले असतात.

तर आमच्या क्लबाची त्या मोसमातली शेवटची मॅच. खालच्या गटात जाणं आधीच नक्की झालं होतं, त्यामुळे क्लबाची माणसं तोंडं पाडून. आम्ही मात्र बावन्न. तेरा नंबरातल्या आजी पहिल्यांदाच आलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. चादर धुऊन आणली होती, त्यामुळे मिशा थोड्या उतरल्या होत्या. ऐंशीव्या मिनिटाला आमचा संघ तीन-एकने मागे, आणि कोचने बाकाकडे बघून बोट केलं. गाऱ्हाणं पावलं होतं की कोचला आमचा वैताग आला होता, कोण जाणे. मुख्य गोली बाहेर येताना लंगडत नव्हता, एवढं मी नक्की सांगतो. काकींनी त्यालाही घावणे दिले.

पोरगा मोजे चढवत आत गेला. चौथ्या अधिकाऱ्याने हातातली पाटी वर धरली. बेंजोवाल्याने कुणाला न विचारता सुरुवात केली, ताशाची पिशवीसुद्धा उघडली, आणि ह्या वेळी मैदानवाले आलेच नाहीत. आजी उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या.

समोरच्या संघाला जिंकायची घाई उरली नव्हती. ते मैदानाच्या मध्यावरच एकमेकांना पास देत बसले. दहा मिनिटांत बॉल आमच्या गोलकडे एकदाच आला, तोही रेषेबाहेर जायला निघालेला. पोराने तो बाहेर जाऊ दिला, आणून सहा यार्डाच्या रेषेवर ठेवला, चार पावलं मागे गेला, शांतपणे गॅलरीकडे बघितलं आणि लाथ घातली. बॉल आमच्या डोक्यावरून पार पलीकडच्या झाडांकडे गेला. असा गलका वांद्र्याच्या म्हाताऱ्यांनीही बऱ्याच वर्षांत ऐकला नसावा. ते माणसं मोजायचं विसरले होते.

रात्री साडेआठला डिलाईल रोडला परत आलो. नाक्यावर पानवाल्याने विचारलं, “काय आप्पा, काय झालं?”

“शून्य-शून्य,” आप्पा म्हणाले. “आमच्या टायमात एकबी गोल न्हाई.”